गाडी लागली का?

गेल्या दिवाळीत तेलगावला गेलो, तेव्हा नानांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. ज्येष्ठ कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं, त्या योजनेचा अर्ज. चौकातल्या ऑनलाइन सेंटरवरच्या पोरानं तो त्यांना दिला होता आणि 'पुतण्या इंजिनिअर आहे ना, त्याच्याकडून भरून आणा' म्हणाला होता. नाव, वय, पत्ता भरेपर्यंत काही अडलं नाही. मग रकाना आला: कलाप्रकार. त्याच्या शेजारी: कलाक्षेत्रातील योगदान, वर्षे.

वर्षांचा आकडा मला माहीत होता. २१. नानांनी १९९९ ते २०१९ असे २१ चैत्र तमाशाच्या फडावर काढले. एरवी त्यांची गाडी तेलगावच्या साखर कारखान्याला ऊस वाहायची. पट्टा पडत आला की ते ताडपत्री धुऊन घ्यायचे आणि पाडव्याच्या आत एका हंगामी फडाकडे रुजू व्हायचे. कलाप्रकाराच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र मला कळेना. नाना गायले नाहीत, नाचले नाहीत, ढोलकीला त्यांनी हात लावला नाही. ते फडाची गाडी चालवायचे.

तो रकाना त्या दिवशी तसाच राहिला. पुण्याला परत आल्यावर, तमाशावर आपल्याकडे जे लिहिलं आणि चित्रित केलं गेलंय, ते मी या एका प्रश्नासाठी पुन्हा काढून पाहिलं. यात गाडी कुठे आहे?

*

तमाशाचा क्रम शाळकरी पोरालाही सांगता येतो: गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग. अभ्यासाची पुस्तकंही इथूनच सुरू होतात. म्हणजे पडदा वर गेलेला आहे, दिवे लागलेले आहेत आणि गणपतीला आवाहन चाललंय. पण ज्यानं फड आतून पाहिलाय त्याला ठाऊक असतं, की पहिला खेळ त्याआधी सात-आठ तास होऊन गेलेला असतो. तो दुपारी होतो, गावाच्या वेशीपासून जत्रेच्या पटांगणापर्यंत. त्याला एकच नट असतो आणि प्रेक्षक म्हणून गावातली सगळी पोरं. यात्रा कमिटीचा माणूस दर दहा मिनिटांनी फोनवर एकच प्रश्न विचारत असतो: "गाडी लागली का?"

गाडी लागली की तमाशा आला. तोवर नुसता इसार दिलेला असतो.

मी हे एकदाच जवळून पाहिलं. २०१० च्या उन्हाळ्यात, बारा वर्षांचा असताना, नानांनी मला चार दिवस बरोबर नेलं होतं. जानेवारीतच 'नटरंग' प्रदर्शित झाला होता आणि त्यातल्या लावण्यांची फर्माईश फडाला रोज रात्री यायची. गावातल्या पोरींनी सिनेमावरून शिकलेलं गाणं आणि ज्यांच्यावरून तो सिनेमा निघाला त्या बायांनी सिनेमावरून शिकलेलं गाणं, एकच. याचं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

आदल्या रात्रीचा खेळ धारूरकडच्या एका गावात होता. पहाटे तीनला सामान भरून झालं. लोखंडी पाइप, फळ्या, कनाती, पेट्या, साउंड, जनरेटर आणि सगळ्यात वर स्वयंपाकाची भांडी. बाया बसमध्ये आणि बिगारी आमच्या गाडीत, सामानावर आडवे. पुढचं गाव वडवणीच्या बाजूला, म्हणजे धारूरचा घाट उतरून तेलगाववरूनच जायचं. या घाटात रस्ता अरुंद आहे आणि वळणं अशी आहेत, की समोरून उसाचा ट्रक आला तर एकाला मागं सरकावंच लागतं. नानांनी अख्खा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरवला. इंजिनच्या आवाजाशिवाय गाडीत आवाज नव्हता. तेलगावच्या चौकात उजाडलं. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, पण नाना चहापुरतेही थांबले नाहीत. "घरी गेलो की निजावं वाटतंय," एवढंच म्हणाले.

त्या गावाच्या वेशीवर त्यांनी गाडी उभी केली आणि खाली उतरून चालायला लागले. मीही मागे. हे ते प्रत्येक गावात करायचे आणि त्याला 'गाव चालून बघणं' म्हणायचे. वेशीवर एका दिवंगत पुढाऱ्याच्या नावाची सिमेंटची कमान. तिच्याखाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. पुढे गल्ली, गटारावर फरशीचा ढापा, ढाप्यावर त्यांनी टाच आपटून पाहिली. डावीकडे वळण, वळणावर एका घराचा ओटा रस्त्यात आलेला. पुढे विजेच्या तारा, मध्येच लोंबलेल्या. मग जत्रेची दुकानं, पाळणा, कुस्त्यांचा आखाडा आणि त्याच्याही पलीकडे ओढ्याच्या कडेला पटांगण. काळी माती, दोन दिवसांपूर्वी अवकाळी पडून गेलेला.

मी आता इंजिनिअर आहे, त्यामुळे हे सगळं मला आकड्यांत दिसतं. ट्रकची रुंदी कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर. एकपदरी रस्त्याची मानक रुंदी ३.७५ मीटर. गाडी अगदी मधोमध चालवली तरी दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरच्या थोडं वर उरतं, आणि तेही ओटा, सायकल, गाय आणि भेळेचा गाडा धरायच्या आधी. मालगाडीची उंची तेव्हाच्या नियमाप्रमाणे ३.८ मीटर. रस्ता ओलांडणाऱ्या घरगुती दाबाच्या तारा जमिनीपासून किमान ५.८ मीटर असाव्यात, असं १९५६ चे वीज नियम सांगत. कागदावर दोन मीटर मोकळे राहतात. गावात तारांना झोळ असतो, गाडीवर भांडी असतात आणि भांड्यांवर माणसं झोपलेली असतात.

नानांनी आधी माणसं उठवून खाली उतरवली. एकाला बेचक्याचा कोरडा बांबू देऊन वर बसवला, पण तार उचलायची नाही, फक्त अंतर ओरडून सांगायचं, असं बजावलं. डीपीवरून वीज बंद करायला कमिटीचा माणूस पाठवला आणि तो 'बंद केली' म्हणून सांगत येईपर्यंत गाडी हलवली नाही. कमानीच्या आत गाडी सरळ नेली आणि पुढच्या मोकळ्या जागेत फिरवून, तिथून पटांगणापर्यंतची उरलेली गल्ली त्यांनी उलटी कापली. क्लीनर मागच्या फाळक्याशी. फाळक्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे येऊ दे. बाजूला उभी पोरं, म्हातारे, कमिटीवाले सगळेच "आन दे, आन दे" ओरडत होते. नाना कुणाचंच ऐकत नव्हते. त्यांचे कान थापेवर होते आणि डोळे आरशात. ओट्याच्या वळणावर मागंपुढं करत अकरा वेळा गाडी हलली. मी मोजलं होतं.

उलटी का न्यायची, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "येताना दुपार असती, माणसं शहाणी असत्यात. जाताना रात असती. तवा गाडीचं तोंड वाटंकडं पायजे."

पटांगणात शिरायच्या आधी मातीवर पाचट अंथरलं. ऊसतोडीच्या मुलखात पाचटाला तोटा नाही. ओल्या काळ्या रानात चाक रुतू नये म्हणून त्याच्याइतकं स्वस्त काही नाही, हे नाना उसाच्या फडातून तमाशाच्या फडात घेऊन आले होते. फड हा शब्द दोन्हीकडे एकच आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

मग शेवटची गोष्ट, जी मला बरीच वर्षं समजली नव्हती. पटांगणात गाडी आली, तरी नाना तिला इकडे-तिकडे करत राहिले. तिरकी लावली, परत काढली, थोडी आडवी केली. मला वाटलं, हौस. नंतर कळलं की गाडी म्हणजे स्टेजमागची भिंत होती. गाडी आणि स्टेज यांच्यामध्ये कनाती लावून बायांची कपडे बदलायची जागा व्हायची. रस्त्याकडून, ओढ्याच्या उंचवट्याकडून, शाळेच्या गच्चीवरून कुणाला आत दिसू नये, अशा कोनात गाडी लावावी लागे. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे धूर त्यांच्यावर जाणार नाही. बस गाडीला लागून, म्हणजे खेळ संपला की बाया गर्दीत न उतरता थेट बसमध्ये चढतील.

एवढं झाल्यावर ते सीटवरच आडवे झाले. रात्री खेळ झाला, टाळ्या-शिट्ट्या झाल्या. नाना झोपलेलेच होते.

*

आता कलाकृतींकडे येतो.

'सांगत्ये ऐका' (१९५९) हा आपल्या तमाशापटांचा एक मूळपुरुष. अनंत माने यांच्या या चित्रपटाच्या कथेला बैलगाड्यांच्या शर्यतीनं तोंड फुटतं. वाहन तिथे आहे, पण ते इभ्रतीचं वाहन आहे. त्यावरून वैर पेटतं. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) गावाच्या हद्दीवर उभा आहे: तमाशानं गावात यावं की नाही, हाच तिथला झगडा. मास्तर फडाला गावाबाहेर काढतात आणि शेवटी स्वतःच त्या फडामागे जातात. आत आणि बाहेर या दोन शब्दांवर सगळा चित्रपट तोललेला आहे. पण हे आत-बाहेर नीतीचं आहे. सामानसुमान घेऊन गावात शिरणं हे हातानं करायचं काम असतं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. 'एक होता विदूषक' (१९९२) मध्ये तमाशातला पोरगा सिनेमात आणि तिथून राजकारणात पोहोचतो. प्रवास लांबचा आहे, पण तो एका वर्गातून दुसऱ्या वर्गातला.

'नटरंग' मला या सगळ्यांत जवळचा. आनंद यादवांच्या १९७८ च्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा हा चित्रपट निदान एवढं मान्य करतो, की कला ही अंगमेहनत आहे. गुणाचं पैलवानी शरीर नाच्याचं होताना आपण पाहतो आणि त्या बदलाची किंमतही पाहतो. पण तिथेही मेहनत नटाच्या शरीरापाशी थांबते. फडाचं शरीर, म्हणजे फळ्या, खांब, पेट्या आणि ते सगळं रोज नव्या गावात उभं करणारी माणसं, हे पार्श्वभूमीला राहतं. आपल्या तमाशापटांत गावं बदलतात ती बहुधा गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये.

पुस्तकांत चित्र थोडं वेगळं आहे. संदेश भंडारे यांचं 'तमाशा: एक रांगडी गंमत' हे छायाचित्रांचं पुस्तक कॅमेरा स्टेजवरून उतरवून मागच्या बाजूला नेतं, माणसं नट नसतात त्या वेळची माणसं दाखवतं. योगीराज बागूल यांचं विठाबाई नारायणगावकरांवरचं 'तमाशा: विठाबाईच्या आयुष्याचा' हे चरित्र फडाच्या अर्थकारणाकडे आणि मालकिणीच्या वाट्याला येणाऱ्या विवंचनांकडे पाठ फिरवत नाही. विठाबाईंची सगळ्यांना माहीत असलेली कहाणी आहे: खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा स्टेजवर आल्या. ही कथा कलानिष्ठेची म्हणून सांगितली जाते. नानांबरोबरच्या त्या चार दिवसांपासून मला मात्र ती ऐकताना पुढचा प्रश्न पडतो. त्या रात्री ती बाळंतीण कुठल्या गाडीतून, कशा रस्त्यानं पुढच्या गावाला गेली? ती गाडी कुणी सावकाश चालवली का?

हा प्रश्न कथेला पडत नाही, कारण आपल्या मनात तमाशा म्हणजे स्टेज. आणि स्टेज जणू आधीपासून तिथे असतंच.

नाट्यगृहात हे चालून जातं, तिथे स्टेज खरोखरच आधीपासून असतं. तमाशाचं तसं नाही. तो रोज रात्री मोडतो आणि रोज दुपारी पुन्हा बांधला जातो. त्याची जागा कुठे, तोंड कुणीकडे, प्रेक्षक किती लांब, बायांना आडोसा किती, हे सगळं गाडी कुठवर आली आणि कशी लागली यावर ठरतं. म्हणजे तमाशाचं नेपथ्य जर कुणी करत असेल, तर त्याचा पहिला हात ड्रायव्हरचा आहे. समीक्षेनं ही गोष्ट वगळली, तर ती एक माणूसच नव्हे, तमाशाच्या रूपाचा एक भाग वगळते. माझी तक्रार एवढीच आहे.

ही नजर अशक्य नाही, याचे दाखले बाहेर आहेत. आँरी-जॉर्ज क्लूझो यांचा 'द वेजेस ऑफ फिअर' (१९५३) हा फ्रेंच चित्रपट दोन ट्रकांवर नायट्रोग्लिसरीन वाहणाऱ्या चार माणसांचा आहे. त्यात डोंगरातल्या एका वळणावर, कुजलेल्या लाकडी फलाटावर ट्रक उलटा घ्यावा लागतो. तो प्रसंग थरारक आहे तो स्फोटकांमुळे, असं पहिल्यांदा वाटतं. पुन्हा पाहिल्यावर लक्षात येतं, की दिग्दर्शकानं कामाचा वेळ कापलेला नाही. चाक, फळी, हात दाखवणारा माणूस, पुन्हा चाक. आपण वाट पाहतो, कारण ड्रायव्हर वाट पाहतो. धारूरच्या घाटात मी जे अनुभवलं होतं, ते मला पहिल्यांदा एका फ्रेंच चित्रपटात दिसलं. याचा आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

जॅक्सन ब्राउन या अमेरिकी गायकाचं 'द लोड-आउट' हे १९७७ चं गाणं तर थेट मैफल संपल्यावर सामान आवरून ट्रकमध्ये भरणाऱ्यांना उद्देशून आहे. आपल्याच मुलखातलं उदाहरण हवं, तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट आहे. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा घेऊन फिरणाऱ्या माणसांवरचा. तिथे ट्रक, तंबू आणि प्रोजेक्टर हीच पात्रं आहेत. म्हणजे जत्रेतल्या सिनेमाच्या गाडीकडे कुणीतरी नीट पाहिलं. शेजारच्या पटांगणात लागलेली तमाशाची गाडी अजून तिच्या दिग्दर्शकाची वाट पाहतेय.

*

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ड्रायव्हरला कलावंत म्हणायचं, तर स्वयंपाक करणाऱ्या मावशींना का नाही? बिगाऱ्यांना का नाही? सगळीच मेहनत कला झाली, तर कला या शब्दाला काय उरलं?

मी नानांना कलावंत म्हणा, असं म्हणत नाही. माझा स्वतःचा व्यवसाय असा आहे, की काम नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर रात्री दोनला फोन येतो. त्याला कुणी कला म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत: कुणाला कलावंत म्हणावं हा एक प्रश्न आणि एखादी कला कशाकशाची मिळून बनते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' असलं, म्हणून दुसरा विचारायचा नाही, असं होत नाही.

आणि बिघडलं की कुणाचं नाव निघतं, हे पाहिलं तर दुसऱ्या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद; राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभर चालणारा तमाशा त्यामुळे दहाच्या किंवा फार तर बाराच्या आत बसवावा लागला. यावर लिहिताना वग कसा आखडला, गवळण कशी उरकली जाते, हे लिहिलं जातं आणि ते खरं आहे. पण घड्याळ सगळ्यात आधी गाडीवर बसलं. पूर्वी गाडी संध्याकाळी सहाला लागली, तरी खेळ अकराला सुरू करून पहाटेपर्यंत चालवता यायचा. आता दुपारी तीनच्या आत लागली नाही, तर रात्रीचा अर्धा खेळ गेला.

एका वर्षी नानांची गाडी एका ओढ्यात रुतली. पाचट टाकलं, दगड टाकले, शेवटी ट्रॅक्टर आणून ओढली. पटांगणात पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ. स्टेज लागेपर्यंत दहा वाजायला आले. कमिटीनं सुपारीचे उरलेले पैसे दिले नाहीत, लोकांनी दगड मारले आणि फडाच्या मालकानं ते नुकसान नानांच्या पगारातून कापलं. ती रात्र कुणामुळे बुडाली, याबद्दल त्या दिवशी कुणालाच शंका नव्हती. मग उरलेल्या शेकडो रात्री कुणामुळे पार पडल्या, हे विचारायला काय हरकत आहे?

नानांचा बाविसावा हंगाम २०२० चा ठरला होता. त्या वर्षी पाडवा होता २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. ताडपत्री धुऊन वाळत घातलेली होती. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले. त्यानंतर जत्रा सुरू झाल्या, पण नाना परत गेले नाहीत. गुडघे गेले होते. क्लच दाबून दाबून डावा आधी गेला.

*

अर्जाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो.

ऑनलाइन सेंटरवरच्या पोराला मी अडचण सांगितली. तो हुशार होता. त्यानं नानांनाच विचारलं, "तुम्ही कधी स्टेजवर गेलाच नाहीत का?" नाना म्हणाले, गेलो की. वगात शिपाई कमी पडला, की डोक्याला मुंडासं बांधून भाला धरून उभं राहायचो. वर्षातून पाच-सात वेळा. पोराचा चेहरा खुलला. "मग झालं. 'वगातील कलाकार' टाकतो. मालकाचा दाखला आणा."

खोटं नव्हतं ते. दाखलाही मिळाला असता. पैशांची गरजही आहे; गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च आम्ही दोघं भाऊ कसा वाटून घ्यायचा, याचं बोलणं घरात चालूच आहे. मी म्हणालो, "नाना, टाकू द्या ना."

नाना बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शिपाई कुणीबी होतंय, बाळा. भाला धरून हुबं तर राहायचंय." आणि थोड्या वेळानं, "त्याला म्हणावं, गाडी लावून दाखव."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. तो अर्ज अजून तसाच आहे. मी त्यांना दोन-तीनदा आठवण करून दिली, आता देत नाही. चूक त्यांची आहे, असं मला वाटत नाही. एकवीस वर्षं जे केलं ते सोडून, जे अधूनमधून नाइलाजानं केलं त्याच्यासाठी मान घ्यायचा, हे त्यांना पटत नाही. आणि जे केलं त्याला शब्द अर्जात नाही, पुस्तकात नाही, सिनेमातही नाही.

सरकारी रकाना वाढवणं माझ्या हातात नाही. तमाशावर यापुढे जे लिहिलं जाईल, ते गणाच्या सात-आठ तास आधीपासून सुरू व्हावं, एवढं मात्र म्हणता येतं. गावाच्या वेशीवर एक गाडी उभी आहे. ड्रायव्हर खाली उतरलाय आणि कमानीकडे वर पाहतोय. खेळ तिथून सुरू होतो.